पिवळ्या रेषेच्या अलीकडून

सोमवार, २ मार्च. सकाळी

आजपासून मी सेफ्टी इन्चार्ज. गोदामातल्या सगळ्या फोर्कलिफ्टची रोजची तपासणी आता माझ्याकडे. बिलिंगच्या टेबलावरून मोठ्या साहेबांनी मला स्वतः निवडलं. म्हणाले, फोर्कलिफ्ट दिसली की तुम्ही भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटता हे मी कधीपासून बघतोय. मला असाच माणूस हवा होता. जो घाबरतो तोच काळजी घेतो.

मी नम्रपणे दुरुस्ती केली, की मी घाबरत नाही, मी दक्ष असतो. साहेब म्हणाले, तेच ते.

संकल्प: रोज शिफ्टच्या आधी प्रत्येक गाडी नखशिखांत तपासणार. कुणाचीही गय नाही, बायकोचीसुद्धा नाही. (तीन नंबरची फोर्कलिफ्ट ही चालवते. ही म्हणजे माझी बायको. आधी पॅकिंगला होती, मग हट्टाने लायसन्स काढलं. कमोड आणि वॉशबेसिनची खोकी छतापर्यंत रचते आणि खाली येऊन शांतपणे डबा खाते. या बाईला भीती कशी ती माहीतच नाही.)

त्याच दिवशी. संध्याकाळी

पहिली तपासणी झाली. पार पडली म्हणू.

बिलिंगच्या खिडकीतून या गाड्या खेळण्यातल्या वाटायच्या. जवळून तसं नाही. समोर लोखंडाचे दोन फोर्क, बरोबर माझ्या पोटाच्या उंचीवर. ही म्हणते, उभी गाडी असली की फोर्क जमिनीला टेकलेले असतात. असतीलही. मला पोटाजवळच वाटले.

चेकलिस्ट वाचली. टायर, फोर्क, चेन, ऑइल गळती, लाइट, हॉर्न, सीट बेल्ट. इथवर ठीक. शेवटी लिहिलंय, ब्रेक: चालवून बघणे. म्हणजे सीटवर बसायचं, गाडी सुरू करायची, थोडी पुढे न्यायची आणि ब्रेक दाबायचा. कोणी? इन्चार्जने? हे नीट लिहिलेलं नाही. माझ्या मते इथे चालवणाऱ्याला विचारून बघणे असा अर्थ अभिप्रेत आहे.

मंगळवार, ३ मार्च

पद्धत सापडली. गोदामात पायी चालणाऱ्यांसाठी जमिनीवर पिवळी रेषा आखलेली आहे. रेषेच्या पलीकडे गाड्या, अलीकडे माणसं. इन्चार्ज हा माणूस आहे. तेव्हा तपासणी रेषेच्या अलीकडून. नियम मीच मोडला तर लोकांनी काय करायचं?

टायर दिसले. फोर्क दिसले. चेन चष्मा लावून दिसली. ब्रेक ठीक? असं प्रत्येकाला ओरडून विचारलं. सगळे म्हणाले ठीक. टिक केलं.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. मी फेरीला निघालो की सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद होतात. चालक हात मांडीवर ठेवून बसतात आणि मी पुढे जाईपर्यंत कुणी हलत नाही. दोन दिवसांत एवढा दरारा! बिलिंगला इतकी वर्षं काढली, पण माझ्यासाठी साधा पंखा कुणी बंद केला नाही.

गुरुवार, ५ मार्च

वाईट दिवस. लिहितानाही कान गरम होतायत.

रेषेजवळ उभा राहून मी चेन बघत होतो. मागून, मी न दिसल्याने, दोन नंबर रिव्हर्सला येत होती. बझर वाजत होता म्हणे. मला ऐकू आला नाही, माझं लक्ष कामात होतं. तेवढ्यात ही तीन नंबरवरून गोदाम हादरेल अशी ओरडली, अहो! सरका!

मी सरकलो. सरकलो म्हणजे थर्माकोलच्या ढिगात गेलो. डोक्यात, कॉलरमध्ये, तोंडात थर्माकोल. जीव इतका घाबरा झाला की उठताना चेकलिस्ट उलटी धरली होती हे कळलं नाही. गोदामभर हशा. स्टोअरकीपर तर (याला सगळे बातमीदार म्हणतात, कारण इकडची बातमी तिकडे पोचवल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही) दिवसभर मला अहो, चहा घेता का, अहो, सही करता का, असं करत होता.

गाडी अंगावर येत होती हे खरं. पण प्रश्न गाडीचा नाही, पदाच्या प्रतिष्ठेचा आहे.

शुक्रवार, ६ मार्च

नोटीस लावली. कामाच्या जागी घरगुती संबोधनं बंद. प्रत्येकाने हुद्द्याने हाक मारायची. मग तीन नंबरसमोर, चारचौघांत, हिला स्पष्ट सांगितलं की इथे मी तुझा अहो नाही, साहेब आहे.

तिने हातमोजे चढवले. मग म्हणाली, बरं, साहेब. सीट बेल्ट लावला आणि गेली.

थोडा त्रास होईल. पण शिस्तीला मायाममता नसते.

शनिवार, ७ मार्च

अबोला.

काल संध्याकाळपासून एक शब्द नाही. जेवताना आईला म्हणाली, साहेबांना आमटी हवी आहे का विचारा. मी आईला म्हणालो, नको म्हणून सांग. हवी होती.

आज सकाळी उठलो तर ही निघूनही गेली होती, पहिल्या बसने. शिफ्ट सुरू व्हायला अजून किती वेळ! आई म्हणाली, सोमवारपासून रोजच लवकर जाते. नवऱ्याच्या बढतीचा राग सोमवारपासूनच नाकावर होता तर. माणूस मोठा झाला की पहिली जळते ती घरातली.

संकल्प: आधी ती बोलेल. मी नाही.

सोमवार, ९ मार्च

तांत्रिक अडचण आली. बाकीच्या चालकांना ब्रेकचं विचारतो. हिला कसं विचारणार? विचारलं तर मी आधी बोललो असं होईल. रेषेच्या अलीकडे मी, पलीकडे ती. ती समोर बघत होती, मी टायर बघत होतो. टायर मी इतका वेळ कधीच बघितला नव्हता.

शेवटी सुचलं. मौन म्हणजे संमती. ब्रेक: ठीक. टिक.

मंगळवार, १० मार्च

एक विचित्र गोष्ट लक्षात येते आहे. पूर्वी गोदामातून चालताना कुठूनतरी अहो, डावीकडे, अहो, थांबा, असं ऐकू यायचं. मी वैतागायचो. आता काहीच येत नाही. सगळीकडून बझर ऐकू येतात आणि त्यातला कोणता माझ्यासाठी आहे हे कळत नाही. आज कोपऱ्यावर चार पावलं टाकायला इतका वेळ लागला की मागे हमालांची रांग लागली. पेन निसटून रेषेच्या पलीकडे गेलं. तिथेच सोडलं. पेन काय, दुसरं मिळतं.

घरी वॉशिंग मशीन संपल्याचा बीप झाला आणि मी न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आईने बघितलं. आईला सांगितलं, पाठीचा व्यायाम आहे.

गुरुवार, १२ मार्च

बातमीदार केबिनमध्ये आला. म्हणाला, वहिनींनी निरोप दिलाय, तीनचा ब्रेक खोल जातोय, पेडल निम्म्याच्या खाली गेल्यावर पकडतो.

ऐकून मी खुर्चीतून उभाच राहिलो. पण मी चेहरा हलू दिला नाही. म्हणालो, तक्रार थेट यायला हवी. उद्या कुणीही उठून कुणाच्याही ब्रेकबद्दल काहीही सांगेल. त्यांना म्हणावं, स्वतः या आणि तोंडाने सांगा.

तो गेला, लगेच परत आला. म्हणाला, त्या म्हणतात, ऐकणं ज्याचं काम आहे त्याने येऊन विचारावं.

बघा! ब्रेकच्या आडून मला आधी बोलायला लावायचा डाव. मी असा फसणार नाही. बायकोला मी ओळखून आहे.

शुक्रवार, १३ मार्च

झोप लागली नाही नीट. सकाळी रेषेवरून तीन नंबरकडे बघितलं. दिवे डोळ्यांसारखे दिसतात, हे मी आधी लिहिलं नव्हतं. ती गाडी माझ्याकडे बघते. बायकोही. दोघींपैकी कुणीच काही सांगत नाही.

तीनसमोर आज टिक केलं नाही. फुलीही केली नाही. निरीक्षणाखाली, असं लिहिलं. अनुभवी माणसाची भाषा.

नादुरुस्त गाडीवर लावायचे लाल टॅग आले. चांगले जाड प्लास्टिकचे आहेत. असे कुठेही पडून राहिले तर लोक वाटेल तसे वापरतील. ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं. गाड्यांच्या जादा चाव्याही त्याच ड्रॉवरमध्ये आहेत. सगळं एकाच सुरक्षित ठिकाणी.

रविवार, १५ मार्च

सुट्टी. दिवसभर घरात अबोला आणि माझ्या डोक्यात रॅम्प.

गोदामातून लोडिंगच्या डॉककडे जायला सिमेंटचा उतार आहे, तो रॅम्प. ही रोज त्या रॅम्पवरून भरलेली गाडी खाली नेते. ब्रेक निम्म्याच्या खाली पकडतो. आणि नाहीच पकडला तर? ही दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या शर्टाची घडी घालताना नेहमीसारखी हाताने कॉलर सरळ केली. मला भीती वाटली. खरी भीती. दक्षता नव्हे.

आईला हळूच म्हणालो, तिला विचार ना ब्रेकचं काय झालं. आई म्हणाली, मी काय पोस्टमन आहे का, ती बसली आहे चार हातांवर, जाऊन विचार.

गेलो. तिच्या समोर उभा राहिलो. तिने मान वर केली. मी म्हणालो, (आईकडे बघून) आई, चहा टाकतेस का.

संकल्प: कुणाशीही न बोलता प्रश्न सोडवायचा. उद्या जेवणाच्या सुट्टीत, सगळे कँटीनमध्ये असताना, तीन नंबरवर मी स्वतः बसणार. चेकलिस्टमध्ये लिहिलंय ना, चालवून बघणे? बघतो. ब्रेक खराब निघाला की गाडी बंद करीन. ती वाचेल आणि मला आधी बोलावंही लागणार नाही. एका दगडात दोन पक्षी.

सोमवार, १६ मार्च

आज बूट योग्य नव्हते. सेफ्टी शूजशिवाय गाडीवर बसणं नियमात बसत नाही. उद्या.

मंगळवार, १७ मार्च

शूज घातले. पोट बिघडलं. उद्या.

बुधवार, १८ मार्च

गाडीपर्यंत गेलो. पिवळी रेषा ओलांडली! पहिल्यांदाच. हात लावला. गार होती. कुठेतरी दरवाजा आपटला आणि मी पुन्हा अलीकडे आलो. आठवत नाही कसा. पण सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

ही दिवसभर रॅम्पवरून गाडी वर-खाली करत होती. प्रत्येक वेळी ती उताराला लागली की मी डोळे मिटत होतो. इन्चार्जने डोळे मिटू नयेत. एक डोळा मिटायचा असं ठरवलं.

गुरुवार, १९ मार्च

बसलो!! सीटवर बसलो. गाडी बंद होती. चावी आणली नव्हती, मुद्दामच. एका दिवशी एकच टप्पा. खाली तीन पेडल आहेत. तीन कशाला लागतात? बेल्ट लावला, तो सुटेना. जेवणाची सुट्टी संपत आली तशी धडपड करून खालून सरकत निघालो. शर्टाचं एक बटण गेलं.

समोर मीच लावलेलं पोस्टर दिसत होतं. गाडी आवरेनाशी झाली तर उडी मारू नका, घट्ट धरून बसा. चांगलं पोस्टर आहे. अक्षर ठळक आहे.

उद्या चावी. उद्या नक्की.

शुक्रवार, २० मार्च. दुपारी, सुट्टीच्या जरा आधी

तीन नंबर आज कोपऱ्यात सपाट जागेवर उभी आहे. ही बहुतेक एक नंबर चालवते आहे. तिचा चालक आला नसेल. माझ्या पथ्यावरच पडलं.

जाता जाता पाहणी केली. बेशिस्तीचा कळस! स्टिअरिंगला हिच्या लाल ओढणीचा तुकडा बांधलेला. हात पुसायला ठेवला असणार. चाकात अडकला तर? सोडून खिशात घातला. मागच्या चाकाखाली कुणीतरी वीट ठेवलेली. चालण्याच्या वाटेत वीट! माणूस ठेचकाळून पडेल. उचलून बाजूला ठेवली. जागरूक नजर असली की अशा गोष्टी दिसतात.

चावी घेतली. दोनदा खाली पडली. थंडी आहे आज. सगळे कँटीनला गेले. जातो.

शनिवार, २१ मार्च. हॉस्पिटल

डाव्या घोट्याला फ्रॅक्चर. प्लास्टर. बाकी ठणठणीत.

जसं घडलं तसं लिहितो. चावी फिरवली, हँडब्रेक सोडला, पेडल हलकेच दाबलं. गाडी चालली. मी फोर्कलिफ्ट चालवत होतो! भीती गेली. एक क्षणभर वाटलं, हे बघायला ही हवी होती. मग ब्रेक दाबला. पेडल तळाला टेकलं आणि काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. समोर रॅम्प. गाडी उताराला लागली.

उताराच्या पायथ्याशी कमोडची खोकी रचलेली. आणि ही. डबा धुऊन परत येत होती. बरोबर वाटेत.

मला ओरडायचं होतं. आवाज निघेना. तिनेच बघितलं आणि तिनेच हाक मारली. अहो! हँडब्रेक! अहो, उडी मारू नका!

मी उडी मारली.

गाडी रिकामीच पुढे गेली, तिच्या दिशेने. मी जमिनीवर पडून ते बघत होतो. ती बाजूला होईल असं वाटलं. ती बाजूला झाली नाही. ती गाडीबरोबर धावली, पायरीवर पाय टाकून लटकली, आत हात घातला आणि हँडब्रेक ओढला. गाडी करकचून थांबली, खोक्यांना टेकून. वरची दोन खोकी तिच्या बाजूला येऊन फुटली. कमोड फुटल्याचा आवाज इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं ती गेली.

धूळ खाली बसली तर ती उभी होती. ओढणी फाटलेली, कोपराला खरचटलेलं. ती माझ्याकडे धावत आली आणि गुडघ्यावर बसून रडायला लागली.

मी तिला म्हणालो, (घोटा खूप दुखत होता, तरी म्हणालो) तू आधी बोललीस.

रविवार, २२ मार्च. हॉस्पिटल

नोंद असावी: ती आधी बोलली. तीन साक्षीदार आहेत.

बातमीदार भेटायला आला होता. संत्री घेऊन आला आणि अर्धी स्वतःच खाल्ली. मी म्हणालो, बघा, मी जिवावर उदार झालो नसतो तर त्या ब्रेकवर आमची ही रॅम्पवरून गेली असती. तो म्हणाला, कशी जाईल? तीनचा ब्रेक त्यांनी तेरा तारखेलाच मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतला होता. शुक्रवारी सकाळी, शिफ्टच्या आधीच, पुन्हा गेला, तेव्हा त्यांनीच गाडी कोपऱ्यात लावली. लाल टॅग तुमच्या कुलपात, म्हणून ओढणी फाडून बांधली. चाकाला वीट लावली, चावी स्टोअरमध्ये आणून दिली. सगळ्या गोदामाला माहीत होतं.

मी विचारलं, मला कुणी का सांगितलं नाही? तो म्हणाला, थेट तोंडाने सांगायला हवं होतं ना.

माणूस निघताना खोचक बोलतोच. पण मला एक कळेना. शिफ्टच्या आधी, इतक्या सकाळी, हिला ब्रेक गेल्याचं कळलं कसं?

सोमवार, २३ मार्च. घरी

विचारलं. मी स्वतः विचारलं. आता कोण आधी हा मुद्दा राहिलेला नाही.

ती म्हणाली, दोन तारखेपासून ती रोज पहिल्या बसने जाते, मिस्त्रीला बोलावते आणि सगळ्या गाड्या तपासते. बसून, चालवून, ब्रेक दाबून. बाकीचे चालक तिने मान हलवल्यावर गाडी काढतात. मी म्हणालो, आणि माझी तपासणी? ती म्हणाली, तुमच्या तपासणीवर कुणी गाडी चालवत नव्हतं.

मी म्हणालो, पण मी आलो की सगळे इंजिन बंद करायचे! तिने माझ्या प्लास्टरखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, मी सांगितलं होतं त्यांना. म्हटलं, हे दिसले की हलू नका, हे कुठे उडी मारतील सांगता येत नाही.

म्हणजे तीन आठवडे मी गोदामातली एकमेव धोकादायक वस्तू होतो. चेकलिस्टवर मात्र माझा रकाना नव्हता.

मंगळवार, २४ मार्च

चहा देताना ती बशी दोन्ही हातांनी धरते. कपबशी वाजते. शुक्रवारपासून असंच आहे, आई म्हणते. मी तिला म्हणालो, तू तर कशाला घाबरत नाहीस. ती म्हणाली, रोज घाबरते. म्हणून तर एवढं बघून घेते. बघून झालं की मग घाबरायला वेळ नसतो.

मला वाटायचं घाबरणं ही माझी एकट्याची इस्टेट आहे.

मंगळवार, ३१ मार्च

मोठ्या साहेबांचं पत्र. तपासणीचं काम आता अधिकृतपणे तिच्याकडे. मी बरा झालो की बिलिंगला. एका अर्थाने ही माझी पोचपावतीच आहे. गोदाम मार्गी लावून दिल्यावर माणसाला पुन्हा मूळ जागी बोलावतात, असं मोठ्या संस्थांमध्ये होतं.

आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, बरं झालं, सगळेच सुटले.

दिवसभर खिडकीत बसतो. पूर्वी गोदामात मी माझ्यासाठी घाबरायचो. ते बरं होतं, आपला जीव आपल्याजवळ असायचा. आता ही संध्याकाळी परत येईपर्यंत जीव कुठे ठेवू कळत नाही. ती म्हणते, मी नीट बघते हो सगळं. मला माहीत आहे नीट बघते. काही उपयोग होत नाही.

सोमवार, ४ मे

बिलिंगला रुजू झालो. काठी घेऊन. खुर्चीला चाकं होती, साधी मागून घेतली.

माझी खिडकी गोदामावर उघडते. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. बघायचं नाही, असा संकल्प. सकाळी ती गाड्या तपासते तेव्हा प्रत्येकीचा हॉर्न एकदा वाजवते. एक नंबर वाजली. दोन वाजली. आता तीन वाजली की ही सुखरूप आणि मी कामाला सुरुवात करायची.

तीन वाजली नाही.

थांबलो. बिलाचा एकच आकडा पुन्हा पुन्हा लिहिला. वाजली नाही. खिडकीतून बघायला हवं होतं, पण मान वळेना. खाली कुणीतरी कुणालातरी हाक मारली. कुठेतरी पत्रा पडला. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो रॅम्प आला, गाडीबरोबर धावणारी ती, फुटलेली खोकी. मी उठलो. काठी टेबलापाशीच राहिली. जिना कसा उतरलो माहीत नाही. पिवळी रेषा होती की नव्हती माहीत नाही. गोदामाच्या मधोमध लंगडत पळत होतो आणि तिला हाक मारत होतो, नावाने, सगळ्यांदेखत, घरातसुद्धा मारत नाही तशी.

ती तीन नंबरच्या मागून बाहेर आली. हातात स्क्रू ड्रायव्हर. म्हणाली, अहो, काय झालं? हॉर्नची वायर निघाली आहे, मिस्त्री येतोय, तोवर गाडी बाजूला लावली.

वायर निघाली होती. एवढंच.

तिथेच खाली बसलो. आजूबाजूला सगळे चालक गाड्या बंद करून बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. तिने बाटलीतलं पाणी दिलं. मी तिला म्हणालो, मी घाबरलो होतो गं. आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द तोंडातून काढले असतील. वाटलं होतं, सगळे हसतील.

कुणी हसलं नाही. ती म्हणाली, माहीत आहे हो सगळ्यांना. आता उठा, तुम्ही लोडिंगच्या वाटेत बसला आहात.